नागपूरचं ऊन आणि गच्चीवरची वीज : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. "४५ डिग्रीत पॅनल तापून झोपतात, पावसाळ्यात काही मिळत नाही, आणि शेवटी हे बंगलेवाल्यांचंच काम," असं तुम्ही गच्चीवरच्या सोलर पॅनलबद्दल लिहिलंत. शेवटचा मुद्दा मला बराचसा पटतो. पहिले दोन मात्र नाहीत.

पॅनल तापलं की वीज घटते, हे खरं. पण किती? कंपनी जो वॉटचा आकडा छापते तो पॅनल २५ अंशांवर असताना मोजलेला असतो. त्यापुढे दर अंशाला साधारण ०.३५ टक्के घट. मेच्या दुपारी पॅनल ६५ अंशांवर गेलं तर १४ टक्के गेले, बाकीचे हाती येतातच. खालून वारा खेळेल इतकं उंच बसवलं तर घट आणखी कमी.

पावसाळ्यात उत्पादन चांगलंच उतरतं, पण हिशेब वर्षाचा धरायचा. एका किलोवॉटला शंभरेक चौरस फूट जागा लागते आणि वर्षाच्या सरासरीने दिवसाला चारेक युनिट मिळतात. ३ किलोवॉटचे महिन्याला साडेतीनशेच्या आसपास. शिवाय बिलातून आधी कमी होतात ती वरच्या स्लॅबमधली महागडी युनिटं. दिवसभर कूलर चालणाऱ्या घराला हे फार मोलाचं आहे. २०२४ च्या पीएम सूर्यघर योजनेत ३ किलोवॉटला ७८,००० रुपये अनुदान आहे, ते वेगळंच.

मला उन्हापेक्षा सावलीची धास्ती वाटते. डिसेंबरअखेरीस नागपुरात भर दुपारीही सूर्य जेमतेम ४५ अंशांवर असतो. म्हणजे पाच फुटी टाकीची सावली उत्तरेला पाच फूट पडते, सकाळ-संध्याकाळ त्याहून लांब. ती एका पॅनलच्या कोपऱ्यावर आली तरी अख्ख्या स्ट्रिंगचं, म्हणजे एकापाठोपाठ जोडलेल्या पॅनलच्या साखळीचं, उत्पादन पडू शकतं. मेच्या अखेरीस दुपारी सूर्य थेट डोक्यावर असतो. तेव्हा गच्ची पाहून गेलेल्या विक्रेत्याला ही सावली दिसणारच नाही. त्याला मुद्दाम विचारा.

आता फ्लॅटचं. गच्ची सामाईक, त्यामुळे एकट्याने काही करता येत नाही, आणि भाडेकरूचा तर कुणी विचारच केलेला नाही. हे मला मनापासून खटकतं. पण लिफ्ट, पंप, जिन्यातले दिवे यांसाठी सोसायटीला किलोवॉटमागे १८,००० रुपये अनुदान मिळतं. घरचं बिल तेवढंच राहील, मेंटेनन्स मात्र उतरेल. तुमच्या गच्चीचं क्षेत्रफळ, टाकी कोणत्या बाजूला आहे आणि सामाईक मीटरचं बिल किती येतं, एवढं कळवा. हिशेब इथेच मांडतो.