सायलेन्सर बदलणारे सगळेच उनाड नसतात, काका

काका, नमस्कार. ‘जीआर ८६ ला कुठला एक्झॉस्ट घ्यावा’ या (टोयोटाच्या छोट्या स्पोर्ट्स कारच्या सायलेन्सर-पाइपाबद्दलच्या) माझ्या लेखाखाली तुम्ही जे लिहिलंत ते जवळजवळ पत्रच होतं. म्हणून उत्तरही खाली चार ओळींत न उरकता वेगळं लिहितोय.

ज्यांनी ती प्रतिक्रिया वाचली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. काकांची उभी हयात पिंपरीत डिझेल इंजिनांच्या कारखान्यात गेली. सध्या ते फ्रीमॉन्टला मुलाकडे आलेत. त्यांचं म्हणणं असं: चार-पाच हॉर्सपॉवरसाठी दीड हजार डॉलर घालवणं ही शुद्ध उधळपट्टी आहे. इंजिनाला बॅक प्रेशर (धुराच्या वाटेतल्या अडथळ्याचा उलटा दाब) लागतं, मोकळा पाइप लावला की खालची ओढ, म्हणजे कमी आरपीएमवरची ताकद, जाते, आणि हे मी लिहिलंच नाही. शेजारचा पोरगा पहाटे साडेपाचला असलीच गाडी सुरू करतो आणि नातू दचकून उठतो. पुण्यात पोलीस असले सायलेन्सर रस्त्यावर मांडून वरून रोडरोलर फिरवतात, आणि मी इथे ते कसे निवडावेत याचे धडे देतोय. शेवटी, ‘माझा मुलगा हीच गाडी घ्यायच्या विचारात आहे, त्याने हा लेख वाचू नये अशी इच्छा आहे.’ काका, मला तर वाटतं लिंक तुम्हाला त्यानेच पाठवली असणार.

बॅक प्रेशरपासून सुरुवात करतो, कारण तिथे तुम्ही इंजिनिअर म्हणून बोललात आणि नेमकं तिथेच मला तुमचं पटत नाही. फोर-स्ट्रोक इंजिनाला बॅक प्रेशर कधीच नको असतं. जळका वायू बाहेर ढकलायला पिस्टनला जेवढा जोर लावावा लागेल तेवढी ताकद फुकट जाते. इंजिनाला हवा असतो वायूचा वेग. एका सिलिंडरमधून सुटलेला वायूचा ठोका पाइपातून वेगाने पुढे गेला की मागे कमी दाबाचा पट्टा सोडतो. इनटेक आणि एक्झॉस्टचे व्हॉल्व्ह क्षणभर एकदमच उघडे असतात, तेव्हा तो पट्टा सिलिंडरमधला उरलासुरला धूर ओढून घेतो. पाइप गरजेपेक्षा रुंद केला की हा वेग पडतो. अडीच इंची पाइपाच्या जागी तीन इंची घातला तर छेदाचं क्षेत्रफळ ४४ टक्क्यांनी वाढतं, म्हणजे तेवढ्याच वायूचा वेग सुमारे ३० टक्क्यांनी उतरतो. खालची ओढ गेल्यासारखी वाटते ती यामुळे, आणि नाव मात्र बॅक प्रेशरचं होतं.

शिवाय हा सगळा खेळ मुख्यतः हेडरमध्ये, म्हणजे इंजिनाला लागून असलेल्या पहिल्या नळ्यांमध्ये चालतो. मी लिहिलं होतं ते कॅट-बॅकबद्दल, म्हणजे धूर शुद्ध करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरच्या (कॅटच्या) मागच्या पाइप आणि मफलरबद्दल (सायलेन्सरबद्दल). या गाडीत एक कॅट हेडरमध्येच आहे आणि दुसरा पुढच्या पाइपात. दोन्हींतून गाळून येईपर्यंत वायूचे ठोके पार बोथट झालेले असतात. तिथून मागे काय लावलंय याने खालच्या ओढीत म्हणण्यासारखा फरक पडत नाही.

तुमच्या मनात ही गोष्ट कुठून बसली असेल याचाही मला अंदाज आहे. तुमच्या उमेदीच्या काळात रस्त्यावर येझदी, राजदूत, मग आरएक्स १००. सगळ्या टू-स्ट्रोक. त्यांच्या सायलेन्सरचा पुढे निमुळता होत जाणारा भाग दाबाची लाट परत सिलिंडरकडे पाठवतो, आणि पोर्टमधून निसटू पाहणारं ताजं पेट्रोल-हवेचं मिश्रण ती लाट आत ढकलते. तो सायलेन्सर काढून साधी नळी लावली की गाडी खरोखरच मरायची. कार्ब्युरेटरच्या फोर-स्ट्रोक गाड्यांत वेगळंच व्हायचं. पाइप मोकळा केला की मिश्रण लीन व्हायचं (हवा जास्त, पेट्रोल कमी), कार्ब्युरेटरमधलं पेट्रोलचं जेट बदलायची तसदी कुणी घ्यायचं नाही, आणि गॅरेजवाला सांगायचा, ‘साहेब, प्रेशर गेलं.’ तुमचा अनुभव खराच आहे, फक्त तो या इंजिनाला लागू पडत नाही.

पैशांच्या मुद्द्यावर भांडण्यात अर्थ नाही, कारण तिथे आपण एकाच बाजूला आहोत. टर्बो नसलेल्या २.४ लिटरच्या, २२८ हॉर्सपॉवरच्या बॉक्सर इंजिनाला कॅट-बॅक लावून जी वाढ मिळते ती डायनोच्या (ताकद मोजायच्या यंत्राच्या) दोन फेऱ्यांमधल्या फरकातच बुडून जाते. सकाळी थोडा गारवा असला तरी तेवढा आकडा वर-खाली होतो. जाहिरातीत हॉर्सपॉवर मोठ्या अक्षरांत छापलेली असेल तर पुढे वाचूच नये. टर्बोच्या गाड्यांचं वेगळं आहे. तिथे टर्बाइनच्या मागचा दाब उतरला की खरंच ताकद वाढते, पण ती डाउनपाइपने, म्हणजे टर्बोला लागून असलेल्या पाइपाने, आणि डाउनपाइपात कॅट असतो. त्याला हात लावला की कॅलिफोर्नियात एअर रिसोर्सेस बोर्डाचा मंजुरी क्रमांक लागतो. तो नसेल तर स्मॉग चेकला, म्हणजे धुराच्या सरकारी तपासणीला, गाडी नापास. कॅट काढून टाकणं तर अमेरिकेत कुठेच कायदेशीर नाही, आणि तसं कुणी सुचवलं तर मी त्याच्याशी वाद घालण्यात वेळ दवडत नाही.

मग दीड हजार डॉलर कशासाठी? आवाजासाठीच. तुम्हाला हे पोरकट वाटेल, वाटू दे. या गाडीत कंपनी स्वतःच इंजिनाचा बनवलेला आवाज स्पीकरमधून केबिनमध्ये सोडते. म्हणजे गिऱ्हाईकाला आवाज हवाय हे कंपनीलाही माहीत आहे. मला तो स्पीकरऐवजी पाइपातून आलेला बरा वाटतो, एवढाच फरक.

आता शेजारच्या पोराचं. तिथे तुम्ही शंभर टक्के बरोबर आहात, आणि तो आवाज पहाटे इतका का होतो हेही सांगतो. थंड इंजिन सुरू झालं की कॅट लवकर तापावा म्हणून कॉम्प्युटर आयडल (उभ्या गाडीतला इंजिनाचा वेग) वर चढवतो आणि ठिणगी मुद्दाम उशिरा पाडतो. जाळ पुरता विझण्याआधीच एक्झॉस्टचा व्हॉल्व्ह उघडतो, उष्णता कॅटकडे जाते आणि तिच्याबरोबर आवाजही. साधारण मिनिटभरात हे निवतं. त्या मिनिटभरात पोरगा गाडी घरासमोर उभी ठेवून आत कॉफी भरून घेत असेल, तर दोष सायलेन्सरचा कमी आणि त्याचा जास्त. इंजिन गरम करायला गाडी उभी ठेवायची गरजच नाही. सुरू करावी, काही सेकंदांत निघावं आणि पहिले काही मैल हलक्या पायाने चालवावी. एकदा त्याला शांतपणे सांगून बघा. बहुतेकांना हे ठाऊकच नसतं.

रोडरोलरचं चित्र मलाही आवडतं, खोटं कशाला बोलू. बुलेटला ‘फटाका’ सायलेन्सर लावून गल्लीतून जाणाऱ्यांबद्दल मला काडीची सहानुभूती नाही. पण त्या सायलेन्सरच्या आत बहुधा काहीच नसतं, नुसता पोकळ डबा. मी ज्यांच्याबद्दल लिहिलं त्यांच्या आत भोकं पाडलेली नळी असते, तिच्याभोवती काचतंतू किंवा स्टीलचा लोकर भरलेला असतो, मध्ये एक-दोन रेझोनेटर (ठरावीक सूर मारणारे डबे) असतात. कायदाही इथे वेगळा चालतो. भारतात मूळ रचनेत फेरफार हाच गुन्हा. कॅलिफोर्नियात फेरफार चालतो, पण सहा हजार पौंडांखालच्या गाडीला ९५ डेसिबलची मर्यादा आहे. माईक पाइपाच्या तोंडापासून २० इंचांवर, ४५ अंशांच्या कोनात, आणि इंजिन ठरलेल्या आरपीएमवर धरून मोजायचं. २०१९ पासून पोलिसांनी पकडलं तर ‘दुरुस्त करून आणा’ म्हणून सोडून देण्याची सवलत गेली आणि थेट दंड आला. पोलिसांनी पावती फाडली आणि तरी आपली गाडी मर्यादेत आहे असं ज्यांना वाटतं, त्यांना स्मॉग रेफरीकडे (सरकारी तपासणी केंद्रात) जाऊन मोजून घेता येतं. माझ्या लेखात ‘९५ च्या आत असल्याचं लेखी प्रमाणपत्र असेल तरच’ हे वाक्य होतं. ते तुमच्या नजरेतून सुटलं असावं.

आणखी एक ठिकाण सांगतो, तुम्हाला मजा वाटेल. माँटेरेजवळ लगुना सेका नावाचा रेस ट्रॅक आहे. रेसिंगचा ट्रॅक म्हटलं की कान बधिर, असंच वाटतं ना? तिथे बऱ्याच दिवशी ९० डेसिबलची मर्यादा असते, ५० फुटांवरून मोजलेली. ओलांडली की काळा झेंडा दाखवून बाहेर बोलावतात. मग लोक पाइपाच्या तोंडाला कोपर लावून ते माईकच्या उलट्या दिशेला वळवतात, किंवा माईकसमोरून जाताना पाय उचलतात. स्पोर्ट्स कारवाले आणि शांतता यांचं वैर आहे असं तुम्ही लिहिलंत. त्या ट्रॅकवर लोक सेकंदाच्या दशांशासाठी जीव टाकतात आणि तरीही आवाजासाठी पाय उचलतात.

मला तुमच्या प्रतिक्रियेत खरी उणीव वाटली ती वेगळीच. आवाज म्हणजे किती मोठा, एवढंच तुम्ही धरलंत. निवडताना छळतो तो आवाज बाहेरच्यांना ऐकूही येत नाही. हायवेवर सहाव्या गिअरमध्ये ७० मैलांनी निघालं की या गाडीचं इंजिन साधारण ३००० आरपीएमवर असतं. चार सिलिंडर, दर फेऱ्याला दोन स्फोट, म्हणजे सेकंदाला शंभर. हा १०० हर्ट्‌झचा खर्ज केबिनच्या पोकळीत घुमायला लागला की पिठाच्या गिरणीत बसल्यासारखं होतं. एका मित्राच्या गाडीत हे मी भोगलंय. तीन इंची पाइप, एकच मफलर, रेझोनेटर नाही. पार्किंगमध्ये ऐकलं तेव्हा झकास वाटला. २८० हायवेवर आलो तशी कपहोल्डरमधली चिल्लर थरथरायला लागली. सीटची पाठ मणक्याला सांगत होती की काहीतरी चाललंय. आम्ही बोलणं थांबवलं, कारण एकमेकांचं ऐकू येत होतं पण ऐकावंसं वाटत नव्हतं. वेग ६५ मैलांवर आला की घुमणं थांबायचं, ७० ला पुन्हा सुरू. त्याने तो पाइप दिवाळीच्या आत विकून टाकला.

यावर उपाय आहे आणि तो तुमच्या आवडीचा आहे, कारण त्यात गणित आहे. पाइपाला एका बाजूने बंद असलेली आडवी नळी जोडायची. लाट तिच्या टोकापर्यंत जाऊन परत येते तोवर मूळ लाटेच्या बरोबर उलटी झालेली असते आणि दोघी एकमेकींना मारतात. त्यासाठी नळीची लांबी लाटेच्या पाव लांबीएवढी हवी. गरम धुरात आवाज सेकंदाला साधारण ५०० मीटर जातो, तेव्हा १०० हर्ट्‌झला नळी सव्वा मीटर हवी. एवढ्याशा गाडीच्या पोटाखाली सव्वा मीटरची फुकट नळी बसवायची! म्हणून चांगले लोक ती वळवून, मुरडून बसवतात आणि वाईट लोक बसवतच नाहीत. किंमत लागते ती या कामाची.

आणि हे व्हिडिओत कळत नाही. फोनचा माईक खर्ज खातो आणि मोठा आवाज आपोआप दाबतो. सगळे एक्झॉस्ट तिथे सारखेच गोड लागतात.

धातूबद्दल तुम्ही विचारलंत ते लवकर आटोपतो. ३०४ ग्रेडचं स्टेनलेस घ्यावं, ४०९ ग्रेडला वरून गंज धरतो. शिकागो-बॉस्टनकडे रस्त्यावर मीठ टाकतात तिथे हा फरक डोळ्यांना दिसतो, आपल्याकडे फारसा नाही. टायटॅनियम वजनाला जवळजवळ निम्मं, पण पातळ पत्र्यामुळे आवाज चिरका येतो आणि किंमत दुपटीवर जाते. वॉरंटीची भीती वाटत असेल तर १९७५ च्या मॅग्नुसन-मॉस कायद्याप्रमाणे, बिघाड त्या बाहेरच्या भागामुळेच झाला असं दिसल्याशिवाय डीलरला वॉरंटी नाकारता येत नाही.

तुमच्या मुलाने गाडी घेतलीच, तर पहिले काही महिने मूळ एक्झॉस्टवरच चालवू दे. मग ज्या कुणाकडे त्याच्या मनातला एक्झॉस्ट असेल त्याच्या गाडीत तुम्ही दोघं बसून या. तुम्ही पुढे बसा, मागची सीट माणसांसाठी नाहीच. फ्रीमॉन्टहून ६८० हायवेने सुनोलचा चढ गाठा, सहाव्या गिअरमध्ये, ७० मैलांवर, पाय थोडा दाबून. चढावर इंजिनावर भार असतो, घुमायचं असेल तर तिथे नक्की घुमेल. तुमच्या कानांनी आयुष्यभर इंजिनं ऐकलीत, तुम्ही नको म्हणालात तर त्याने घेऊ नये. आणि घेतलाच, तर मूळ मफलर फेकू देऊ नका. तो गॅरेजमध्ये ठेवा, गाडी विकताना गिऱ्हाईक हमखास मागतं.