प्रशांतचं तिकीट आणि फुकटचं मेल

रविवारी कट्ट्यावर वाद पेटला तो प्रशांतमुळे. त्याने दिल्लीचं विमानाचं तिकीट काढलं, कन्फर्मेशन जीमेलवर आलं आणि कॅलेंडरमधे फ्लाइटची वेळ आपोआप येऊन बसली. म्हणे, ‘‘म्हणजे माझं मेल वाचतायत की हे लोक!’’

नंदू आयटीतला, तो लगेच सुरू. ‘‘अरे मशीन वाचतं, माणूस नाही. वाचलंच नाही तर स्पॅम कसा गाळणार? आणि जाहिरातींसाठी मेल चाळणं बंद करतो असं गूगलने २०१७ मधेच सांगितलंय.’’

‘‘जाहिरातींसाठी,’’ मकरंद म्हणाला. ‘‘२००४ पासून तेच चालू होतं ना? तेव्हा मायक्रोसॉफ्टच्या हॉटमेलवर मेल साठवायला २ एमबी जागा मिळायची, गूगलने जीमेलवर एकदम १ जीबी दिली, तीही १ एप्रिलला, लोकांना वाटलं गंमत करतायत. आणि माणूस वाचत नाही कसा? मायक्रोसॉफ्टने विंडोजचं गुपित कुणी फोडलं ते शोधायला एका ब्लॉगरचं हॉटमेल स्वतःच उघडून बघितलं होतं, २०१४ ला कोर्टाच्या कागदांत आलं ते. बोंबाबोंब झाल्यावर म्हणाले, यापुढे आम्ही नाही बघणार, पोलिसांकडे देऊ.’’

‘‘मग पैसे भरून ते स्वित्झर्लंडचं प्रोटॉन मेल घे,’’ नंदू म्हणाला.

‘‘घेतो की, पण २०२१ मधे स्विस सरकारचा आदेश आल्यावर त्यांनीपण एका फ्रेंच कार्यकर्त्याचा आयपी ॲड्रेस, म्हणजे इंटरनेट जोडणीचा पत्ता, दिलाच. मेलमधला मजकूर नाही देता आला, तो एन्क्रिप्टेड, म्हणजे त्यांनाही वाचता न येणारा होता, एवढाच काय तो फरक.’’ (माझ्या मते हा फरक काही छोटा नाही, पण या दोघांच्यात मधे बोलायला मिळेल तर शप्पथ.)

प्रशांतचं आपलं ठरलेलं, ‘‘माझ्या मेलमधे आहे काय लपवण्यासारखं? लाइटबिल आणि बँकेची स्टेटमेंटं.’’

यावर मात्र मी तोंड उघडलं. म्हटलं, स्टेटमेंटच्या पीडीएफचा पासवर्ड काय आहे तुझ्या? तर नावाची पहिली चार अक्षरं आणि जन्मतारीख. आणि पॅनकार्डचा फोटो कुठे आहे, तर सीएला पाठवलेला, सेंटमधे, त्याच मेलबॉक्समधे. त्यावर जन्मतारीख छापलेली. म्हणजे कुलूप आणि किल्ली एकाच खुंटीला! वर बाकी सगळ्या साइट्सचे पासवर्ड रिसेट करायच्या लिंका तिथेच येतात. गूगलने वाचलं काय नि नाही काय, माझी भीती ती नाहीच, आपण तो डबा आणखी कुणाकुणाला उघडून दिलाय ही आहे.

नंदूने पण इथे मान डोलावली. अनरोल डॉट मीचं त्यालाच आठवलं, नको ती न्यूजलेटरं बंद करून देणारी फुकट सेवा, तिच्या मालक कंपनीने लोकांच्या मेलमधल्या लिफ्ट या टॅक्सी कंपनीच्या पावत्या, नावं काढून, तिच्या प्रतिस्पर्धी उबरला विकल्याचं २०१७ मधे बाहेर आलं. परवानगी लोकांनीच दिलेली.

मग प्रशांतचा फोन घेतला, गूगल अकाउंटमधे कुठल्या ॲप्सना ॲक्सेस दिलाय ती यादी उघडली. त्यात एक पीडीएफ स्कॅन करायचं ॲप, त्याला मेल वाचायची, पाठवायची आणि डिलीट करायचीही परवानगी!

‘‘हे तर मी कधीच उडवलंय.’’

‘‘फोनवरून उडवलंस. परवानगी तशीच आहे.’’

‘‘मग आता काढलं तर जुनं नेलेलं परत येईल?’’

‘‘नेलं असेल ते गेलं, पुढचं तरी थांबेल.’’

त्याने तिथल्या तिथे काढलं, वर दोन गेम्सपण काढले.