पाणी चुकूनही वाचू नये म्हणून

सांडपाण्याच्या पुनर्वापरातले अडथळे दूर कसे करावेत यावर परिसंवाद भरपूर होतात, चहा-बिस्किटांसकट. ते अडथळे जपावेत कसे, यावर मात्र कुणी चार शब्द सांगत नाही. मग आमच्यासारख्या सोसायट्यांनी जायचं कुठे? गेल्या रविवारी आमच्या सर्वसाधारण सभेत ठराव पास झाला: एसटीपीचं (सोसायटीच्या सांडपाणी शुद्धीकरण प्रकल्पाचं) पाणी फ्लशला नको, त्या लाइनमध्येही टँकरचंच पाणी सोडा. टाळ्या पडल्या. त्या सभेत मिळालेलं ज्ञान वाया जाऊ नये (पाणी गेलं तरी चालेल), म्हणून तुमच्यासाठी इथे देतो आहे.

सुरुवात ताबा घेतानाच करा. बांधकाम २०,००० चौरस मीटरच्या वर गेलं की पर्यावरण मंजुरी लागते आणि मंजुरीसोबत एसटीपी येतो. म्हणजे तो मंजुरी मिळवण्यासाठी असतो, पाणी साफ करण्यासाठी नव्हे. म्हणून तर बिल्डर तो तळघरात, शेवटच्या पार्किंगच्या मागे, वाकून जावं लागेल अशा जागी बसवतो. तुम्ही जिमचे आरसे मोजून घ्या. तिकडे उतरू नका.

पाण्याच्या तपासणीचा रिपोर्ट नोटीस बोर्डावर लावू नका. कुणीतरी वाचेल.

आता रामबाण उपाय. रात्री ब्लोअर, म्हणजे एसटीपीत हवा सोडणारं यंत्र, बंद करा. एरेशन टाकीत मैला खाणारे जिवाणू असतात आणि त्यांना चोवीस तास हवा लागते, असं ते इंजिनिअर लोक सांगतात. पण हवेचं बिल येतं, तेही कॉमन मीटरवर! तेव्हा अकरा वाजता ब्लोअर बंद, सकाळी सहाला चालू. सोसायटीच्या हितासाठी जिवाणूंनी रात्रभर श्वास रोखून धरावा, एवढी अपेक्षा काही गैर नाही. ते मरतात, हा त्यांचा कमकुवतपणा. सकाळी वास सुटतो. वास झाकायला हायपो (क्लोरीनचं जंतुनाशक) दुप्पट ओता, म्हणजे फ्लशटँकची रबरं जातील आणि एका तक्रारीच्या दोन होतील. कार्बन फिल्टरमधला कोळसा बिल्डरच्या काळातलाच राहू द्या, म्हणजे कमोडला पिवळे डाग पडतील आणि त्यांचे फोटो ग्रुपवर येतील. ऑपरेटर एकच ठेवा, बारा तासांचा. त्यानेच बागेला पाणी घालावं आणि लिफ्ट अडकली की त्यानेच पळावं. गाळ काढायला सवड मिळत नाही म्हणाला तर एजन्सी बदला. हे सगळं नीट जुळून आलं की सभेत कमिटीतलं कुणीतरी उभं राहतं आणि म्हणतं, "बघा, मी आधीच सांगत होतो. ही टेक्नॉलॉजी आपल्याकडे चालतच नाही." अहो, चालवली कधी? घरी दही लागावं म्हणून थंडीत पातेल्याला टॉवेल गुंडाळणारी माणसं आपण! जिवाणू उपाशी ठेवले, गुदमरवले, आणि आता त्यांच्याच नावाने बोटं मोडता?

असो. सल्ला देत होतो.

टँकरवाल्याशी संबंध सलोख्याचे ठेवा. तो निदान फोन उचलतो.

किळस हे सर्वांत भक्कम हत्यार. नामिबियातलं विंडहूक १९६८ पासून सांडपाणी शुद्ध करून चक्क पितं, सिंगापूरने २००३ पासून तेच सुरू केलं, असं कुणी सांगू लागलं तर "ते तिकडे" एवढंच म्हणा. तो नागपूरचं नाव काढेल. भांडेवाडीचं सांडपाणी शुद्ध होऊन कोराडीच्या वीज केंद्राला जातं, म्हणेल. "ते विदर्भात" म्हणा. आपण मूळचे पुण्याचे, खडकवासल्याचं पाणी पिणारे, संडासातही तसलंच हवं. धरणाच्या काठच्या फार्महाऊसांचं आणि रिसॉर्टांचं पाणी कुठे उतरतं, ही चौकशी शिष्टाचाराला धरून नाही. आणि आपलं पुढे कुठे जातं? मुळा-मुठेतून भीमेत, भीमेतून उजनीत, आणि उजनीचं पाणी सोलापूर पितं. सोलापूरकरांना किळस येते का, हे आपल्याकडल्या कुठल्या सभेत विचारल्याचं आठवत नाही.

शेतकऱ्यांचंही मनावर घेऊ नका. वर्षाला शहराचं साडेसहा टीएमसी सांडपाणी शुद्ध करून मुंढव्याच्या जॅकवेलमधून (पाणी उपसायच्या विहिरीतून) शेतीसाठीच्या बेबी कालव्यात सोडायचं ठरलेलं आहे. कालव्यात येणाऱ्या पाण्याचा रंग पाहून ते तक्रार करतात. त्यांना सवय होईल.

बांधकामाला प्रक्रिया केलेलं पाणीच वापरायचा नियम आहे, त्यासाठी अ‍ॅपही आहे. साइटवर उभा असलेला टँकर कुठून भरून आला, हे विचारायचं नसतं.

आणि कुणी आकडे घेऊन आलंच, की केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०२१ च्या अहवालानुसार देशातल्या शहरांत रोज ७२,३६८ दशलक्ष लिटर सांडपाणी तयार होतं आणि त्यातल्या २०,२३६ वरच प्रक्रिया होते, तर खुशाल म्हणा की मग आमच्या एका सोसायटीने काय फरक पडणार?

पडतो. आता सरळच बोलतो, कारण रविवारपासून गप्प बसून डोकं फिरलंय. फ्लशसाठी माणशी रोज ४५ लिटर धरतात. चौघांच्या घराला १८०. म्हणजे पंचावन्न घरांचा दिवसभराचा फ्लश म्हणजे दहा हजार लिटरचा एक टँकर, रोज, आणि आपल्याकडे घरं याच्या कितीतरी पट आहेत. हे पाणी कुणाच्या तरी विहिरीतून, बोअरमधून उपसून आणायचं, पैसे मोजून आणायचं, आणि कमोडमध्ये ओतायचं! आणि स्वतःच्या तळघरात तयार होणारं पाणी बायपासचा व्हॉल्व्ह उघडून नाल्यात सोडायचं. कोळसा बदलायला पैसे नाहीत म्हणालात. त्याच सभेत, त्याच अर्ध्या तासात, लॉबीच्या झुंबराचा खर्च एकमताने मंजूर केलात. लाज नाही वाटली? शिकलेली माणसं आहात, निम्म्यांच्या भिंतीवर इंजिनिअरिंगच्या पदव्या टांगलेल्या आहेत आणि एक ब्लोअर चालू ठेवता येत नाही तुम्हाला?

ठराव मागे घ्या. ब्लोअर रात्रीही चालू ठेवा, कोळसा बदला, दुसरा ऑपरेटर नेमा आणि दोघांना माणसासारखा पगार द्या. हे जमत नसेल तर एप्रिलमध्ये पाणीकपात जाहीर झाल्यावर महापालिकेच्या दारात रिकामे हंडे घेऊन फोटो काढायला मला बोलावू नका.