कार्ड नवं, एफपीएस जुनेच: एका वाचकाच्या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

तुमची प्रतिक्रिया सविस्तर आहे, म्हणून उत्तरही सविस्तर देतो. बाकीच्या वाचकांसाठी आधी थोडक्यात सांगतो. तुमच्याकडे रायझन 5 5600जी प्रोसेसर, बी550 मदरबोर्ड, 16 जीबीची एकच रॅम स्टिक आणि 550 वॉटचा एसएमपीएस (मशीनला वीज पुरवणारा डबा) आहे. जीटीएक्स 1650 हे जुनं ग्राफिक्स कार्ड काढून तुम्ही तीस हजारांचं आरटीएक्स 4060 बसवलंत. व्हॅलोरंट या गेममध्ये आधी 180 च्या आसपास एफपीएस (सेकंदाला दिसणाऱ्या फ्रेम, म्हणजे चित्रं) मिळायचे, आता 190 मिळतात, शिवाय गेम मधूनमधून अडखळतो. डीडीयूने (ड्रायव्हर मुळापासून काढणारं सॉफ्टवेअर) ड्रायव्हर काढून पुन्हा टाकून झाले, विंडोज नव्याने टाकून झाली, फरक काही नाही. 'कार्डाला दोष देण्याआधी बाकीचं मशीन तपासा' हे माझ्या लेखातलं वाक्य तुम्हाला दुकानदाराची वकिली वाटलं. "पैसे ग्राहकाने मोजायचे आणि वर त्याचंच मशीन टाकाऊ ठरवायचं," असं तुम्ही लिहिलंत.

मशीन टाकाऊ मुळीच नाही. 2021 मध्ये ग्राफिक्स कार्डांचे भाव आवाक्याबाहेर गेले होते, तेव्हा 5600जी घेऊन त्यातल्याच ग्राफिक्सवर काम भागवणं हा शहाणपणाचा निर्णय होता आणि हजारो लोकांनी तो घेतला. पण त्या वाक्यावर मी ठाम आहे, आणि त्याचा पुरावा तुमच्याच प्रतिक्रियेत आहे. शेवटी तुम्ही जाता जाता लिहिलंय की सायबरपंक आता हाय सेटिंगवर मस्त चालतो, आधी लो वरसुद्धा रडायचा. कार्ड सदोष असतं तर सगळ्यात आधी सायबरपंकनेच मान टाकली असती. तो गेम कार्डाला पिळून काढतो. व्हॅलोरंट पिळतो प्रोसेसरला.

190 एफपीएस म्हणजे एका फ्रेमला साधारण 5.3 मिलिसेकंद. प्रत्येक फ्रेमसाठी कोण कुठे आहे, गोळी कुठे लागली, पडद्यावर काय काय काढायचं हे आधी प्रोसेसर ठरवतो आणि ते काम कार्डाकडे सोपवतो. या तयारीलाच 5.3 मिलिसेकंद लागत असतील, तर कार्ड आपलं काम 4 मध्ये उरको की 2 मध्ये, पुढचं काम येईपर्यंत त्याला थांबावंच लागतं. रसवंतीवर दुप्पट मोठा चरक आणून बसवला, पण ऊस लावणारा माणूस एकच राहिला, तर रस तेवढाच निघणार.

तुमचा आक्षेप असा की टास्क मॅनेजरमध्ये सीपीयू (म्हणजे प्रोसेसर) 45 टक्क्यांच्या वर जातच नाही, मग तो कमी पडतो कसा? या आकड्याने भल्याभल्यांना फसवलंय. 5600जी मध्ये 6 कोअर आणि 12 थ्रेड आहेत, म्हणजे तो एका वेळी कामाचे बारा धागे चालवू शकतो. तो आकडा या बाराजणांची सरासरी असतो. गेमचा मुख्य थ्रेड एकटा पूर्ण दमला तरी एकूण आकड्यात त्याचा वाटा जेमतेम 8 टक्के दिसतो. शिवाय विंडोज त्या थ्रेडला या कोअरवरून त्या कोअरवर फिरवत असते, त्यामुळे प्रत्येक कोअरचा आलेख वेगळा काढला तरी एकही 100 ला टेकलेला दिसेलच असं नाही. म्हणून सीपीयूचा आकडा सोडा, जीपीयूचा (ग्राफिक्स कार्डावरच्या चिपचा) बघा. आफ्टरबर्नर हे कार्डाचे आकडे दाखवणारं सॉफ्टवेअर टाका, गेम चालू असताना कोपऱ्यात जीपीयू वापर दिसू द्या. व्हॅलोरंटमध्ये तो 95 च्या बराच खाली असेल आणि एफपीएसवर कुठली मर्यादा घातलेली नसेल, तर कार्ड वाट बघत बसलंय.

हेही पटत नसेल तर रिझोल्यूशन 1080पी वरून 720पी वर आणा. कार्डाचं काम निम्म्याहून कमी होतं, प्रोसेसरचं जवळपास तेवढंच राहतं. एफपीएस जागचे हलले नाहीत, तर अडचण कार्डात नाही. या चाचणीला एक रुपया लागत नाही, आणि कार्ड परत करायला दुकानात जाण्याआधी ती प्रत्येकाने करावी असं मला कळकळीने वाटतं.

यूट्यूबवर याच कार्डाला तुमच्या दुपटीहून जास्त एफपीएस मिळताना दिसतात, तेही खोटं नाही. परीक्षणं करणारे मुद्दाम रायझन 7 9800एक्स3डी सारखा प्रोसेसर लावतात, म्हणजे कार्डाची कमाल मर्यादा दिसावी. त्या प्रोसेसरमध्ये एल3 कॅशे (प्रोसेसरच्या आतली छोटी, वेगवान मेमरी) 96 एमबी, तुमच्यात 16. व्हॅलोरंटसारख्या गेमला हा फरक फार जाणवतो. इंटेलचं आर्क बी580 हे ग्राफिक्स कार्ड डिसेंबर 2024 मध्ये आलं तेव्हा त्याचं सगळीकडे कौतुक झालं. जानेवारी 2025 मध्ये हार्डवेअर अनबॉक्स्ड या यूट्यूब चॅनेलने तेच कार्ड रायझन 5 2600 सारख्या जुन्या प्रोसेसरवर लावून पाहिलं, आणि काही गेममध्ये ते पार कोसळलं. कार्ड तेच होतं, प्रोसेसर बदलला होता. परीक्षणाखाली 'कोणत्या प्रोसेसरवर' हे ठळक लिहायला हवं, ही तुमची तक्रार मला शंभर टक्के मान्य आहे.

आता 5600जी ची एक गोष्ट, जी खोक्यावर कुणी ठळकपणे छापत नाही. कार्ड आणि प्रोसेसर यांच्यातली माहितीची वाट म्हणजे पीसीआयई. बी550 बोर्ड पीसीआयई 4.0 चा आहे, 4060 सुद्धा 4.0 चं आहे, पण हा प्रोसेसर फक्त 3.0 देतो. 4060 ला त्या वाटेच्या लेन (पदर) आठच. म्हणजे 4.0 वर सेकंदाला सुमारे 16 जीबीची वाट मिळाली असती, ती तुमच्याकडे 8 ची होते. व्हॅलोरंटला याने फारसा फरक पडत नाही, पण सायबरपंकमध्ये टेक्स्चर वाढवून कार्डाची 8 जीबी मेमरी भरलीत तर झटके तिथे बसतील. जीपीयू-झेड हे कार्डाची माहिती दाखवणारं सॉफ्टवेअर उघडा. 'बस इंटरफेस'च्या ओळीत आधी 'x8 4.0 @ x8 1.1' असं काहीतरी दिसेल. घाबरू नका, रिकामं बसलेलं कार्ड वीज वाचवायला वेग उतरवतं. शेजारच्या प्रश्नचिन्हावर क्लिक करून रेंडर टेस्ट (कार्डाला कामाला लावणारी छोटी चाचणी) चालू करा. तुमच्या मशीनवर तो आकडा 'x8 3.0' वर जाऊन थांबायला हवा. 'x4' दिसलं तर कार्ड खालच्या स्लॉटमध्ये बसलंय किंवा नीट बसलेलं नाही.

जी मालिकेत आणखी एक धोका आहे. प्रोसेसरमध्येच ग्राफिक्स असल्याने मदरबोर्डच्या एचडीएमआयला केबल लावली तरी चित्र येतं आणि चूक लक्षात येत नाही. केबल कार्डालाच आहे असं तुम्ही म्हणता, तर हा मुद्दा सोडून देऊ. मॉनिटर विंडोजमध्ये 60 हर्ट्झवर तर गेला नाही ना, तेवढं मात्र बघा.

तुम्ही ज्याकडे सगळ्यात कमी लक्ष दिलंत ती रॅम. टास्क मॅनेजरमध्ये मेमरीवर क्लिक करा. उजवीकडे खाली वेग आणि किती स्लॉट वापरात आहेत ते दिसतं. एकच स्टिक म्हणजे सिंगल चॅनेल, प्रोसेसरकडून रॅमकडे एकच वाट. डीडीआर4-3200 असली तरी सेकंदाला 25.6 जीबी, दोन असत्या तर 51.2. बायॉसमध्ये (मदरबोर्डच्या मूळ सेटिंगमध्ये) एक्सएमपी, म्हणजे रॅमला तिच्या पूर्ण वेगाने चालवणारं सेटिंग, चालू नसेल तर ती अनेकदा 2133 किंवा 2400 वरच धावते. कॅशे लहान असलेल्या प्रोसेसरला मेमरीकडे सारखी धाव घ्यावी लागते, त्यामुळे 5600जी ला याचा फटका जास्त बसतो. तशीच दुसरी स्टिक घ्या, प्रोसेसरकडून मोजून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये लावा, एक्सएमपी चालू करा. अडखळणं यानेच बरंच कमी होईल.

आणि कृपा करून डीडीयू पुन्हा चालवू नका. ड्रायव्हर बदलला की आधी तयार झालेले शेडर (चित्र काढण्यासाठी कार्डावर चालणारे छोटे प्रोग्राम) निकामी होतात, गेम ते पुन्हा बनवतो आणि तेवढा काळ झटके देतो. दर दोन दिवसांनी ड्रायव्हर काढून टाकणारा माणूस तोच त्रास स्वतःवर पुन्हा ओढवून घेतो.

दुकानदाराने 750 वॉटचा एसएमपीएस घ्यायला सांगितला, तो घेऊ नका. 4060 चं बोर्ड जास्तीत जास्त 115 वॉट घेतं, एनव्हिडिया स्वतः 550 वॉटचा एसएमपीएस पुरेसा मानते. वीज कमी पडली तर मशीन बंद पडतं, रीस्टार्ट होतं. ते मुकाट्याने 190 वर थांबत नाही. दुकानदाराची वकिली करायची असती तर हे मी लिहिलं नसतं.

रॅम झाल्यावरही व्हॅलोरंटमध्ये जास्त हवं असेल, तर याच बोर्डवर बायॉस अपडेट करून रायझन 7 5700एक्स3डी बसतो. 96 एमबी कॅशे, पण मिळणं कठीण झालंय, त्यामुळे वॉरंटीचं बिल असेल तरच घ्या. साधा 5600 घेतलात तरी कॅशे 32 एमबी होते आणि पीसीआयई 4.0 ही मिळतं. फक्त या दोन्हींत ग्राफिक्स नाहीत, म्हणजे कार्ड दुरुस्तीला गेलं तर मशीनवर चित्र येणार नाही.

आता एवढं करा. व्हॅलोरंटमध्ये 1080पी आणि 720पी वर जीपीयू वापर आणि एफपीएस, आणि रेंडर टेस्ट चालू असतानाची बस इंटरफेसची ओळ, हे आकडे इथेच खाली लिहा. सायबरपंकमध्ये जीपीयू वापर 97-98 वर असूनही एफपीएस पडत असतील, किंवा वरच्या स्लॉटमध्ये नीट बसवूनही 'x4' च दिसत असेल, तर कार्डात किंवा स्लॉटमध्ये खरोखर दोष असू शकतो. कार्ड दुसऱ्या मशीनवर लावून बघा. तिथेही तेच दिसलं तर वॉरंटीसाठी काय लिहून द्यायचं त्याचा मसुदा मी करून देईन.