पाच वाटे का नाही?

गावात भाऊबंदकी पेटली की पारावरचं कोणीतरी हमखास म्हणतं, "आमच्या टायमाला कोर्टाची पायरी कोणी चढलं नाही. पंच बसले, चिठ्ठ्या पडल्या, विषय संपला." खोटं नाही ते. आजीकडून जुन्या वाटण्यांचे किस्से ऐकलेत. माणसं हिशेबाला पक्की होती.

एकाला काळी कसदार आणि दुसऱ्याला बरड, असं चालायचं नाही. प्रत्येक शेतातून प्रत्येक भावाला पट्टा. विहीर तोडता येत नाही, म्हणून ती सोळा आणे धरून तिचे वाटे पडायचे. चौघे भाऊ तर प्रत्येकी चार आणे, आणि त्याप्रमाणे मोटेच्या पाळ्या. बैलजोडीची किंमत बांधायची. ठेवेल त्याने बाकीच्यांना तेवढे दाणे मोजायचे. बांधावरचा आंबा सामाईक (त्याच्या कैऱ्यांवरून मात्र पुढची तीस वर्षं बोलणं बंद). हंडे, घंगाळं अंगणात मांडलेली, आणि चिठ्ठी उचलायला घरातलं सगळ्यात लहान लेकरू, म्हणजे नंतर कोणी कोणावर संशय घ्यायला नको. हे सगळं आखाजीच्या, म्हणजे अक्षय तृतीयेच्या, आत उरकायचं, कारण आखाजीला नवा सालदार (वर्षाच्या बोलीवरचा गडी) ठरायचा.

या काटेकोरपणाने दर पिढीत शेतांच्या चिंध्या झाल्या आणि १९४७ साली तुकडेबंदीचा कायदा आला, ते सोडा.

मला त्या अंगणात बहीण दिसत नाही. ती चुलीपाशी, पंचांच्या चहाचं आधण ठेवत. लग्नात दिलं तोच तिचा वाटा, वर आखाजीला आली की साडीचोळी. म्हाताऱ्या आईला हयातीपुरती एखादी पट्टी. ती गेली की तीही भावांत.

बरं, ते दिवस गेले म्हणावं, तर कुठे गेले? १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याने मुलगी बापाच्या हिश्श्याची वारस झाली. १९९४ ला महाराष्ट्राने आणि २००५ ला केंद्राने तिला वडिलोपार्जित जमिनीत मुलाच्या बरोबरीने आणलं. २००५ ला बाप हयात असलाच पाहिजे असं नाही, हेही सुप्रीम कोर्टाने २०२० मध्ये सांगून टाकलं. आणि आपल्याकडे? वारसनोंदीत बहिणीचं नाव लागलं की लगेच हक्कसोडीची, म्हणजे तिने वाटा सोडल्याच्या कागदाची, घाई. तिला गाडी करून आणायचं, सही घ्यायची, जेवू घालायचं. ती म्हणते, "माले जमीन नको भाऊ, माहेर ऱ्हाऊ द्या." आपण म्हणतो, बहीण मनाची मोठी! अरे, सही नाही केली तर माहेर तुटेल ही धास्ती तिला घातली कोणी? आणि बहिणीसाठी हक्कसोड करणारा भाऊ मी तरी अजून पाहिला नाही.

जुन्यांची अक्कल एवढी प्यारी असेल तर तीच वापरा ना. चार भाऊ, एक बहीण, पाच चिठ्ठ्या. सोळा आण्यांना पाचाने भाग जात नाही एवढीच अडचण असेल तर पाण्याचे तास वाटून घ्या, विहिरीवर मोटर बसून जमाना झाला.