फ्लू फक्त म्हाताऱ्यांनाच? त्या फॉरवर्डला उत्तर

पाऊस सुरू झाला की तो व्हॉट्सअ‍ॅप मेसेज परत फिरायला लागतो. थोडक्यात असं म्हणतो: फ्लू म्हणजे साधी सर्दी, मोठ्या माणसांना वर्षातून तीन-चारदा होतेच, धोका फक्त म्हाताऱ्यांना, लस घेतली की उलट फ्लूच होतो, आणि तीन दिवस अ‍ॅझिथ्रोमायसिन ही अँटिबायोटिक घ्या की सगळं साफ. खाली अर्थातच "जास्तीत जास्त ग्रुपवर पाठवा".

आधी ते तीन-चारदा. नाक गळलं की आपण सरसकट फ्लू म्हणून मोकळे होतो, पण सर्दी करणारे व्हायरस शंभराच्या वर आहेत, फ्लूचा व्हायरस, म्हणजे इन्फ्लुएन्झा, वेगळा. दक्षिण चीनमधल्या लोकांच्या रक्तातल्या अँटिबॉडी तपासून २०१५ मधे अंदाज काढला होता, तिशी ओलांडलेल्या माणसाला फ्लूची लागण दहा वर्षांत साधारण दोनदा, मुलांना जास्त वेळा. म्हणजे आल्याच्या चहावर दोन दिवसात उतरलं ते बहुतेक फ्लू नव्हतंच. खरा फ्लू कसा, सकाळी ऑफिसला धडधाकट गेलेला माणूस संध्याकाळी हुडहुडी भरून आडवा, अंग नुसतं ठेचून काढल्यासारखं, आणि ताप गेला तरी खोकला नि थकवा दोन-दोन आठवडे. क्वचित होतो म्हणून किरकोळ नाही, जगात वर्षाला साधारण १०० कोटी लोकांना होतो, त्यातले ३० ते ५० लाख गंभीर आणि २.९ ते ६.५ लाख दगावतात, हे डब्ल्यूएचओचे आकडे.

आता "फक्त म्हातारे", यावर माझा खरा राग आहे. पासष्टीच्या पुढे मृत्यू जास्त, मान्य. पण गरोदर बायका, पाच वर्षांखालची पोरं, दमेकरी, शुगरवाले, हार्ट नि किडनीचे पेशंट, केमो चालू असलेले, हे सगळे कुठे गेले? आपल्याकडे चाळिशीतच शुगरच्या गोळ्या सुरू झालेले घरटी एक सापडतील आणि ते स्वतःला तरुणच समजतात (समजा बापडे). ऑगस्ट २००९ मधे स्वाइन फ्लूने देशातला पहिला बळी घेतला तो पुण्यातल्या १४ वर्षांच्या मुलीचा, नायडू हॉस्पिटलबाहेरच्या रांगा आणि तोंडाला रुमाल बांधून फिरणारं पुणं इतक्यात विसरलो आपण? तोच स्वाइन फ्लूचा व्हायरस, एच१एन१, आता दरवर्षीच्या फ्लूत धरतात. १९१८ च्या फ्लूच्या साथीत तर मुंबईसकट सगळीकडे विशी ते चाळिशीतली माणसंच जास्त गेली.

लसीने फ्लू होतो हे साफ खोटं. आपल्याकडे मोठ्यांना जे इंजेक्शन देतात त्यात जिवंत व्हायरस नसतोच. दंड दुखेल, दिवसभर कणकण वाटेल, बास. संरक्षण तयार व्हायला मात्र दोनेक आठवडे लागतात, त्या मधल्या काळात कुणाला लागण झाली की खापर लसीवर. शंभर टक्के वाचवत नाही हेही खरंय, आणि व्हायरस रूप बदलतो म्हणून दरवर्षी घ्यावी लागते.

अ‍ॅझिथ्रोमायसिन बॅक्टेरियावर चालतं, व्हायरसवर नाही, मेडिकलवाल्याने न विचारता तीन गोळ्यांची स्ट्रिप दिली म्हणून ते फ्लूचं औषध होत नाही. फ्लूवर ओसेल्टामिविर आहे, ते डॉक्टरने लिहून द्यायचं आणि पहिल्या ४८ तासांत सुरू झालं तर सगळ्यात उपयोगी. घरातल्या गरोदर सुनेला किंवा शुगरवाल्या काकांना ताप भरला की "बघू दोन दिवस" म्हणण्यात नेमके तेच तास जातात.