‘पर्यावरणाच्या नावाखाली गरिबांची घरं अडवली’ म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

हा मेसेज बरेच दिवस फिरतोय. मी तो वाचून सोडून दिला होता. पण परवा तो माझ्या मावशीकडून आला. मावशी भांडुप पश्चिमेला टेकडीलगतच्या चाळीत राहते. तिच्या चाळीच्या एसआरएचं, म्हणजे झोपडपट्टी पुनर्वसन योजनेचं, घोंगडं वर्षानुवर्षं भिजत पडलंय. मेसेजखाली तिने लिहिलं होतं, ‘बघ, तुमच्या त्या पर्यावरणवाल्यांमुळे आम्ही अजून इथेच.’ खरं तर तिच्या चाळीचं काम अडलंय ते दोन बिल्डरांच्या भांडणामुळे आणि संमतीपत्रांच्या घोळामुळे. हे तिलाही माहीत आहे. तरीही तिला तो मेसेज पटला, म्हणून आता उत्तर देणं भाग आहे.

मेसेजचं म्हणणं थोडक्यात असं. परवडणारी घरं हवी असतील तर पर्यावरण मंजुरीची अटच काढून टाका. कारण साध्या इमारतीलाही दिल्लीची परवानगी लागते, त्यात वर्षं जातात आणि घरं महाग होतात. मुंबईतली मिठागरं ओसाड पडून आहेत, तिथे लाखो घरं होतील. झाडं काय, कुठेही लावता येतात. सांडपाणी प्रकल्प वगैरे गरिबांवर लादलेला खर्च आहे. आणि शेवटी ठळक अक्षरांत: ‘झोपडीत राहणाऱ्याला आधी डोक्यावर छप्पर द्या. हवा, उजेड, मोकळी जागा हे श्रीमंतांचे चोचले आहेत.’

या शेवटच्या वाक्यापासूनच सुरू करते. बाकीचे मुद्दे चुकीचे किंवा अर्धवट आहेत, पण या वाक्याने माणसं आजारी पडली आहेत.

मानखुर्द-गोवंडीकडे लल्लूभाई कंपाउंड, नटवर पारेख कंपाउंड आणि पीएमजी कॉलनी अशा तीन पुनर्वसन वसाहती आहेत. रेल्वे आणि रस्त्यांच्या प्रकल्पांसाठी हटवलेल्या झोपडपट्ट्यांमधल्या लोकांना या भागात घरं दिली. सव्वादोनशे चौरस फुटांची खोली, आत संडास-बाथरूम, पक्कं छप्पर. मेसेजला हवं तसंच सगळं. ‘डॉक्टर्स फॉर यू’ ही संस्था आणि आयआयटी मुंबईच्या संशोधकांनी या तिन्ही वसाहतींमधली चार हजारांवर घरं पाहिली आणि २०१८ मध्ये अहवाल दिला. या अभ्यासाला पैसा पुरवला तो एमएमआरडीए या सरकारी विकास प्राधिकरणाच्याच पर्यावरण सुधारणा सोसायटीने, त्यामुळे हे कुण्या चळवळ्याने रचलेलं प्रकरण आहे असं म्हणायला जागा नाही.

त्यांना काय दिसलं? लल्लूभाई आणि नटवर पारेखमध्ये क्षयरोगाचं प्रमाण पीएमजी कॉलनीच्या कित्येक पट होतं. तिन्ही ठिकाणचे लोक साधारण एकाच आर्थिक परिस्थितीतले, तिन्ही वसाहती महापालिकेच्या एकाच एम पूर्व विभागातल्या. फरक होता तो इमारतींच्या मांडणीत. जिथे क्षय जास्त, तिथे इमारती एकमेकींना खेटून, मध्ये जेमतेम तीन मीटरची फट. पीएमजीत इमारतींमध्ये जागा आहे, वारा खेळतो. एकाच इमारतीतही खालच्या मजल्यांवर, जिथे ऊन आणि हवा सर्वांत कमी पोचते, तिथे रुग्ण जास्त सापडले. क्षयाचे जंतू हवेतून पसरतात, बंद खोलीत ते तासन्‌तास तरंगत राहतात. वारा खेळता असेल तर विरळ होतात आणि उन्हाने मरतात. कुपोषण, दाटीवाटी ही कारणं असतातच, ती मीही नाकारत नाही. पण ती तिन्ही वसाहतींत होती.

त्या भागातल्या एका तळमजल्याच्या घरात मी गेले आहे. भर दुपारी ट्यूबलाइट लावलेली. खिडकीपलीकडे हात लांब केला तर लागेल की काय अशी समोरची भिंत. मधल्या पट्ट्यात वरच्या मजल्यांवरून टाकलेला कचरा आणि फुटक्या पाइपातून ठिबकणारं घाण पाणी, म्हणून ती एकुलती खिडकीही बारा महिने बंद. धुतलेले कपडे खोलीतच दोरीवर, त्यांना आंबूस वास. घरातल्या बाईंनी लोखंडी कपाट थोडं पुढे ओढून दाखवलं, तर मागची भिंत बुरशीने काळी पडली होती. त्यांच्या थोरल्या मुलीचं क्षयाचं औषध चालू होतं. आधी त्या रुळांलगतच्या झोपडीत राहत होत्या. ‘तिथे पत्रा तापायचा, पण दार उघडं असायचं,’ असं त्या म्हणाल्या.

दोन इमारतींमध्ये किती अंतर ठेवायचं, खिडक्या कुठल्या दिशेला काढायच्या, तळमजल्याला ऊन किती मिळणार, हे घर बांधायच्या आधी तपासणं म्हणजेच पर्यावरण नियोजन. त्यात चोचले कुठे आहेत? गरिबांच्या इमारतींना ‘जागा वाचवा’ म्हणून नियमांतून सूट दिली, आणि त्या सुटीची किंमत सरकारी दवाखान्यात औषधाच्या रांगेत उभं राहून तेच लोक मोजताहेत.

माहुलचं उदाहरण याहून उघडं आहे. चेंबूरजवळ तेलशुद्धीकरण कारखान्यांच्या आणि रसायनांच्या टाक्यांच्या कुशीत ७२ इमारती उभ्या राहिल्या, सतरा हजारांवर खोल्या. राष्ट्रीय हरित लवादाने डिसेंबर २०१५ मध्येच माहुल-अंबापाड्याच्या हवेमुळे तिथल्या रहिवाशांच्या आरोग्याला धोका आहे असं नोंदवलं होतं. तरीही २०१७ मध्ये तानसा जलवाहिनीलगतच्या झोपड्या तोडून ती कुटुंबं तिथेच नेली. त्वचेचे विकार, दमा, खोकला यांनी लोक हैराण झाले. शेवटी २०१९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने सांगितलं की लोकांना तिथे राहायची सक्ती करता येणार नाही, आणि पर्यायी घर देता येत नसेल तर दरमहा १५,००० रुपये भाडं द्या. छप्पर होतं, वीज होती, लिफ्ट होती. जागा निवडताना हवा मात्र तपासली गेली नाही. मेसेज लिहिणाऱ्याने ‘आधी छप्पर’ म्हणण्यापूर्वी तिथल्या एखाद्या आईशी बोलायला हवं होतं.

आता मिठागरं. ‘ओसाड जमीन’ हे वाक्य बहुतेक ईस्टर्न एक्सप्रेस हायवेवरून गाडीच्या काचेतून बघून लिहिलंय. राज्य मंत्रिमंडळाने ३० सप्टेंबर २०२४ ला कांजूर, भांडुप आणि मुलुंडच्या मिठागरांची २५५.९ एकर जमीन धारावीच्या पुनर्विकासात अपात्र ठरणाऱ्या रहिवाशांच्या भाड्याच्या घरांसाठी द्यायला मंजुरी दिली, तेव्हापासून हा मुद्दा जोरात आहे. अधिकाऱ्यांची बाजू अशी की या जमिनी हायवेच्या पश्चिमेला आहेत, तिथे भरतीचं पाणी आता येत नाही आणि मीठही पिकत नाही. यात तथ्य आहे, हे मान्य. हायवेचा भराव पडल्यापासून तिथलं खाजण खाडीपासून तुटलं.

पण पाणी काय फक्त समुद्राकडूनच येतं? पश्चिमेला राष्ट्रीय उद्यानाच्या टेकड्या आहेत. तिथे पडलेला पाऊस मुलुंड-भांडुपच्या नाल्यांतून रेल्वेखालून, हायवेखालून ठाणे खाडीकडे धावतो. जोरदार पाऊस आणि मोठी भरती एकाच वेळी आली की नाल्यांची तोंडं खाडीकडून बंद होतात. तेवढे तास हे पाणी कुठे थांबतं? याच सखल मिठागरांत. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, तेव्हा पाण्याला थांबायला जागा नसणं म्हणजे काय हे मुंबईने गळ्यापर्यंतच्या पाण्यात उभं राहून पाहिलं. शहराच्या पर्जन्यजल वाहिन्या त्या वेळी तासाला २५ मिलिमीटर पावसाच्या हिशेबाने होत्या. नंतर या वाहिन्या सुधारण्याच्या ‘ब्रिमस्टोवॅड’ योजनेत तो हिशेब ५० मिलिमीटरवर नेला. तरीही भरती असेल तर पाणी थांबतंच.

अशा जमिनीवर बांधायचं म्हणजे आधी भराव घालायचा. भरावाने पाणी नाहीसं होत नाही, ते शेजारी सरकतं. शेजारी कोण? नाल्याकाठच्या चाळी. म्हणजे एका गरिबाला घर देण्यासाठी दुसऱ्या गरिबाच्या घरात पाणी. आणि भराव कमी पडला तर नव्या इमारतींच्या तळमजल्यावर. हायवेच्या पलीकडे, खाडीच्या बाजूला तिवरं आहेत आणि ऑगस्ट २०१५ पासून फ्लेमिंगो अभयारण्य आहे, २०२२ पासून रामसर स्थळही, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा. त्याबद्दल इथे लिहीत बसत नाही, कारण मेसेजवाला लगेच म्हणेल ‘पक्षी महत्त्वाचे की माणसं’. माझा सगळा मुद्दा माणसांचाच आहे.

सखल जागेत वस्ती करताच येत नाही असंही मी म्हणत नाही. खाडीपलीकडे नवी मुंबई वसवताना सिडको या सरकारी कंपनीने भरतीच्या पातळीखालच्या वसाहतींमध्ये धारण तलाव ठेवले. भरती असताना पावसाचं पाणी तलावात साठतं, ओहोटी लागली की झडपांतून खाडीत जातं. त्या तलावांचा गाळ आज वेळेवर निघत नाही ही वेगळी रड आहे. पण पाण्यासाठी जागा आधी राखली, मग इमारती आखल्या. मिठागरांवर घरं आखणाऱ्यांनी अशी किती जागा पाण्यासाठी सोडलीय, हा प्रश्न मेसेजमध्ये कुठेच नाही.

‘साध्या इमारतीला दिल्लीची परवानगी’ हे चक्क खोटं आहे. १४ सप्टेंबर २००६ च्या ईआयए (पर्यावरणावरच्या परिणामांचं मूल्यांकन) अधिसूचनेनुसार २०,००० चौरस मीटर बांधीव क्षेत्रापासून पुढे पर्यावरण मंजुरी लागते. तीस चौरस मीटर चटई क्षेत्राचं छोटं घर, जिने-लिफ्ट-पॅसेज धरून पन्नास चौरस मीटर मोजलं, तरी चारशे घरांपर्यंत मंजुरीचा प्रश्नच येत नाही. मावशीची चाळ तर त्याच्या आसपासही नाही. त्याहून मोठ्या गृहप्रकल्पांनाही मंजुरी देतं ते सर्वसाधारणपणे राज्यस्तरीय प्राधिकरण, दिल्ली नव्हे. छाननीला ६० दिवस आणि निर्णयाला ४५ दिवस अशी मुदत अधिसूचनेतच लिहिलेली आहे. राहिला महागाईचा प्रश्न, तर मुंबईत घराच्या किमतीतला सर्वांत मोठा वाटा जमिनीचा असतो हे इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे.

मात्र एक गोष्ट मान्य करायलाच हवी. मुदत कागदावर असते आणि फायली अडकतात. अभयारण्यांपासून पाच किलोमीटरच्या आतल्या बांधकामांची छाननी केंद्राने करायची की राज्याने, या वादात २०२४-२५ मध्ये मुंबई-ठाण्याचे ढिगाने प्रकल्प लटकले. त्यांत स्वस्त घरांचेही होते. ५ ऑगस्ट २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाने राज्यस्तरीय छाननीचा मार्ग मोकळा केला, तेव्हा गाडी पुढे सरकली. हा त्रास खरा होता आणि लोकांनी भाड्याच्या घरांत तो सोसला. पण तो प्रशासनाने वेळेत निर्णय न घेतल्याचा त्रास होता. त्यावर उपाय म्हणजे कामाला माणसं नेमा, मुदती पाळा. मंजुरीच मोडीत काढायचा प्रयत्न तर होऊनही गेलाय: ९ डिसेंबर २०१६ ला केंद्राने परवडणाऱ्या घरांचंच नाव पुढे करून ही छाननी महापालिकांच्या बांधकाम परवानगीत विरघळवून टाकली. पुढच्याच वर्षी हरित लवादाने त्या अधिसूचनेतल्या मुख्य तरतुदी रद्द केल्या.

झाडांचा मुद्दा एका ओळीचा. राज्याच्या वृक्ष कायद्यात २०२१ मध्ये केलेल्या दुरुस्तीनुसार तोडलेल्या झाडाचं जेवढं वय, तेवढी नवी झाडं लावावी लागतात. ती दुसऱ्या टोकाला लावली तर तुमच्या इमारतीच्या अंगणात दुपारी सावली पडणार नाही.

सांडपाणी प्रकल्पाबद्दल मेसेजमध्ये अर्धं खरं आहे, आणि ते मी नाइलाजाने का होईना, मान्य करते. कमी उत्पन्नाच्या सोसायटीवर एसटीपी, म्हणजे सांडपाणी शुद्ध करायचा प्रकल्प, टाकून बिल्डर निघून जातो. मग मोटारींचं वीजबिल, ऑपरेटरचा पगार, गाळ काढायचा खर्च हे सगळं मेंटेनन्समध्ये येतं. लोक आधी रात्री मोटारी बंद ठेवतात, मग कायमच्या. वर्षा-दोन वर्षांत टाकीचा वास जिन्यापर्यंत येतो. पण यातून निघतं ते एवढंच, की अशा प्रकल्पांत देखभालीचा निधी घराच्या किमतीबाहेर, प्रकल्प राबवणाऱ्याकडून आधीच घ्यायला हवा, आणि जिथे महापालिकेची मलवाहिनी धड चालते तिथे छोट्या सोसायटीला तिला जोडून द्यायला हवं. प्रक्रियाच नको म्हणाल, तर ते पाणी नाल्यात जाईल, आणि नाल्याकाठी कोण राहतं ते वर लिहिलंच आहे.

ज्यांना हा मेसेज आलाय आणि ज्यांचा स्वतःचा पुनर्विकास किंवा स्वस्त घराचा अर्ज चालू आहे, त्यांनी एक काम करावं. प्रकल्पाला पर्यावरण मंजुरी असेल तर तिचं पत्र केंद्राच्या ‘परिवेश’ पोर्टलवर बघायला मिळतं. त्यात अटी लिहिलेल्या असतात: पावसाचं पाणी कुठे सोडायचं, मोकळी जागा किती, सांडपाण्याचं काय. त्या पाळल्या की नाही याचा अहवाल विकासकाला दर सहा महिन्यांनी द्यावा लागतो, तो मागा. मंजुरी लागत नसेल इतका प्रकल्प लहान असेल, तर सोसायटीच्या सभेत ले-आउटचा नकाशा टेबलावर पसरून दोन इमारतींमधलं अंतर मोजा आणि तळमजल्याच्या खोलीची खिडकी कशासमोर उघडते ते बोट ठेवून विचारा. हे संमतीपत्रावर सही करण्याआधी करा, नंतर तुमचं कोणी ऐकत नाही.